बावन्न पुस्तकं झाली, आठवत एकही नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय 36. राहायला डोंबिवलीला, नोकरी दादरला. घरी यजमान, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. वाचनाची आवड लहानपणापासून, पण मुलगा झाल्यावर वाचन पार सुटलं होतं. गेल्या जानेवारीत मैत्रिणीचं बघून मोबाइलवर वाचनाची नोंद ठेवणारं अ‍ॅप घेतलं आणि वर्षाला 52 पुस्तकांचं लक्ष्य टाकलं. दर आठवड्याला एक. सुरुवातीला फार छान वाटलं. जूनपासून मात्र 'तुम्ही 4 पुस्तकांनी मागे आहात' असं दिसायला लागलं आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी पुस्तकाची जाडी बघून पुस्तक उचलायला लागले. एक मोठी कादंबरी छान चालली होती, ती 210 व्या पानावर सोडली, कारण तेवढ्या वेळात तीन छोटी झाली असती. दिवाळीत नेहमीसारखे चार दिवाळी अंक घेतले, पण ते मोजणीत धरता येईनात, म्हणून 'जानेवारीत बघू' म्हणत कपाटावर ठेवून दिले. 30 डिसेंबरला 52 पूर्ण झाली. अ‍ॅपने अभिनंदन केलं.

परवा ऑफिसात एकीने मार्चमध्ये मी वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल विचारलं. मला त्यातलं एकही माणूस आठवेना. फक्त मुखपृष्ठाचा रंग आठवला. घरी येऊन रडले. यजमान म्हणतात, सोड तो नाद. सासूबाई वर्षानुवर्षं एकच ज्ञानेश्वरी वाचतात, कुठे काही लिहीत नाहीत, आणि विचारलं तर ओव्या म्हणून दाखवतात. मग नोंद ठेवणंच चूक आहे का? ठेवायची तर कशी ठेवायची? आणि माझं हे वर्ष फुकट गेलं का?

(नाव छापू नये ही विनंती.)

प्रिय मैत्रीण,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण टोचतोय तो तोच. वर्ष फुकट गेलेलं नाही. मी 31 वर्षं एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले. लग्नाआधी आठवड्याला दोन पुस्तकं नेणाऱ्या मुली नंतर दहा-दहा वर्षं फिरकायच्या नाहीत. परत यायच्या तेव्हा दारातच चाचरायच्या, "काहीतरी हलकंसं द्या हो, सवय मोडलीय." सुटलेलं वाचन पुन्हा हाताला लागणं अवघड असतं, आणि तुम्ही ते लोकलच्या गर्दीत वर्षभर करून दाखवलंत. त्यात अ‍ॅपचा हात असेल तर त्याचे तेवढे उपकार मानू या.

माझी नोकरीच मुळी मोजण्याची होती. 1967 साली महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला, सरकारमान्य वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसली आणि आमच्या टेबलावर रजिस्टरं वाढली. रोज संध्याकाळी दिवे मालवण्याआधी आज किती पुस्तकं गेली, किती आली, हे मांडायचं. महिन्याची बेरीज वेगळी, वर्षाची वेगळी. तपासणीला माणूस आला की ते रजिस्टर आधी उघडायचा. ते काम मी मनापासून केलं, कारण त्यावर वाचनालयाचं अनुदान होतं. पण त्या आकड्यातून पुस्तक घरी गेलं एवढंच कळायचं. घरी गेल्यावर त्याचं काय झालं ते आकडा कधी सांगत नसे. तुमचे 52 हेही तसेच देवघेवीचे आकडे आहेत.

आमच्या जुन्या सभासदांची मात्र नोंदीची स्वतःची एक पद्धत होती. नियमाविरुद्धच होती ती, कारण 'पुस्तकावर खुणा करू नयेत' असं प्रत्येक पुस्तकात छापलेलं असायचं. हे पुस्तक आपण आधी नेलंय का, हे कळावं म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान ठरवून ठेवलेलं असायचं. कुणी 17 या आकड्याखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं, कुणी 31 वर बारीकशी फुली. कपाटाशी उभ्या उभ्या ते पान उघडायचं, खूण दिसली की पुस्तक जागेवर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्यांची खूण म्हणजे 25 भोवती गोल. एकदा फाटलेली पुस्तकं बांधणीला पाठवण्याआधी मी पानं तपासत होते. एका कादंबरीत 25 भोवती तीन गोल दिसले. एकाबाहेर एक. तिसऱ्याची रेघ थरथरलेली. बाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्या आधी ओशाळल्या, मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातल्या आईचा भयंकर राग आला होता. दुसऱ्यांदा तो राग येईनासा झाला. आता मी आजी काय म्हणते तेच ऐकत बसते." ते पुस्तक मी बांधून घेतलं, पण गोल खोडले नाहीत.

तेव्हा नोंद ठेवणं चूक नाही. काय टिपायचं, तिथे गल्लत झाली. ही गल्लत मीही केलेली आहे.

मी 1989 पासून वाचनाची वही ठेवते. पहिली सात वर्षं नुसतं नाव, लेखक आणि तारीख लिहिली. चारशेच्या वर नावं आहेत, अक्षर सुरेख आहे, आणि आज ती पानं उलटताना निम्म्याहून जास्त नावांपुढे माझं मन कोरं राहतं. फार वाईट वाटतं तेव्हा. त्या सगळ्यात एक नोंद मात्र जिवंत आहे, 1993 च्या ऑगस्टमधली. समासात घाईने लिहिलंय: 'दवाखान्यात, आईच्या उशाशी. पान 60. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, जरा मोठ्यानं वाच गं.' एवढं वाचलं की फिनेलचा वास येतो, खिडकीवर आपटणारा पाऊस ऐकू येतो, आणि त्या बाईने मला कोणत्या वाक्यावर थांबवून "परत म्हण" म्हटलं होतं तेही आठवतं. ते पुस्तक मी विसरूच शकत नाही. पुढे मी नेमाने समासात लिहायला लागले, आणि हळूहळू समास हीच माझी वही झाली.

मार्चमधलं पुस्तक आठवलं नाही, यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही. 1885 साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्यावर पुस्तक लिहिलं. निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, किती वेळाने किती उडतं, हे त्याने मोजून काढलं होतं. सुरुवातीला भराभर उडतं, मग उडण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग तर तुमच्या फार कामाचा आहे. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो एकदा वाचून न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे टिकतं ते आठवण्याच्या कष्टाने. तुम्ही एक पुस्तक मिटून लगेच दुसरं उघडत होतात. मार्चच्या त्या बिचाऱ्या पुस्तकाला तुमच्या मनात परत यायला सवडच मिळाली नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की पुस्तक संपलं त्या दिवशी दुसरं उघडायचं नाही. ठाण्याला संपलं तर डोंबिवली येईपर्यंत बाहेर बघा. बसायला मिळालं असेल तर डोळे मिटा. मोबाइल काढू नका.

मग वही. पर्समध्ये मावेल अशी शंभरपानी घ्या, साधी. एका पुस्तकाला एक पान, आणि पानाचा वरचा अर्धाच भाग वापरायचा. तारीख, पुस्तक कुठून आलं, कुणी सांगितलं, एवढं पहिल्या ओळीत. कथानक लिहू नका, ते मलपृष्ठावर असतंच. तुम्ही कुठे थांबलात ते लिहा. थांबलात म्हणजे पुस्तक मांडीवर उलटं ठेवलंत आणि दुसरंच काही आठवायला लागलात, ती जागा. आणि एखादी गोष्ट पटली नसेल तर तीही लिहा, नावाजलेला लेखक असला तरी. माझ्या वहीतली एक नोंद तुमच्यासाठी उतरवते:

'12 जून. वाचनालयातून, शेजारच्या काकूंनी सुचवलेलं. पान 88: बाई कुंकू पुसताना आरशाकडे पाठ करते. आत्या आठवली. लेखक दिराला फार लवकर माफ करतो.'

खालचा अर्धा भाग महिनाभर कोरा ठेवायचा. महिन्याने पुस्तक न उघडता, वरचं न वाचता, दुसऱ्या शाईने तिथे लिहायचं, काय उरलं ते. वरच्या नोंदीखाली माझं असं आहे:

'14 जुलै. नावं गेली. आरसा आहे. आत्याला फोन केला, तासभर बोलली.'

सकाळच्या गाडीत वही काढायला हात हलवायलाही जागा नसते हे मला माहीत आहे. तेव्हा मोबाइलमध्ये स्वतःलाच एक ओळ पाठवून ठेवा, रविवारी वहीत उतरवा. आठ दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. थोडं विसरून मग लिहिलेलं जास्त खरं उतरतं, असा माझा अनुभव आहे.

अर्धवट सोडलेली पुस्तकंही वहीत यायला हवीत. तीही पानासकट आणि कारणासकट. 'पान 40, भाषा कृत्रिम वाटली.' 'पान 112, मूल मरणार असं दिसलं, पुढे धीर झाला नाही.' माझ्या स्वभावाबद्दल मला सगळ्यात जास्त या नोंदींनी शिकवलंय. अ‍ॅपच्या लक्ष्यात या पुस्तकांना मोल नसतं, म्हणून माणूस नको ते पुस्तक रेटून संपवतो, नाहीतर हवं ते अपराधी मनाने सोडतो.

अ‍ॅप काढून टाका असं मी म्हणत नाही. यादी म्हणून ठेवा. लक्ष्याचा आकडा तेवढा आजच पुसा. शिस्त हवी असेल, आणि नोकरी-घर सांभाळताना ती लागतेच, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो ना आपण, तसे वाचनाचे खाडे मांडा. रोज वीस मिनिटं धरा. ज्या दिवशी वाचलं नाही त्याच तारखेवर फुली. वाचलं त्या दिवशी काहीच करायचं नाही, दूध आलं की आपण कुठे काही लिहितो? महिन्याअखेरीस फुल्या कुठे दाटल्यात ते बघायचं. मुलाची परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, ऑफिसातला मार्च, सगळं तिथे दिसेल, आणि स्वतःवर रागावायचं कारण उरणार नाही.

आता या नोंदी पुन्हा वाचण्याबद्दल. लिहिण्याइतकंच महत्त्व मी याला देते, आणि बहुतेकांचं इथेच राहून जातं. चार्ल्स डार्विनने 1838 पासून 1860 पर्यंत वाचनाची वही ठेवली होती. एका बाजूला वाचायची पुस्तकं, एका बाजूला वाचलेली. पुस्तकाच्या बाबतीत हा माणूस अगदी कामापुरता होता. जाड पुस्तक हातात धरवत नसेल तर मधून कापून त्याचे दोन भाग करायचा, आणि उपयोगाच्या मजकुराची सूची पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवायचा. 1876 साली आत्मचरित्र लिहिताना ती सगळी यादी बघून स्वतःच्याच कष्टांचं आश्चर्य वाटतं, असं त्याने नोंदवलंय. त्याच आत्मचरित्रात एक फार दुखरी जागा आहे. तिशीपर्यंत मला कवितेत आनंद मिळायचा, तो म्हणतो, आता एक ओळ वाचवत नाही. पुन्हा आयुष्य मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि संगीत ऐकायचं, असा नियम करेन. मी ते वाचलं तेव्हा उठून माझी वही काढली. 2011 साल होतं. मागच्या सलग दोन वर्षांत एकही कवितासंग्रह नव्हता. आत्मचरित्रं होती, त्यांत बायकांची फक्त दोन. अनुवाद होते ते सगळे इंग्रजीतून आलेले, शेजारच्या कन्नडमधून एक नाही, गुजरातीतून नाही. मराठवाड्यातला लेखक नाही. आणि मी वाचनालयात बसणारी बाई, सगळी कपाटं माझ्या हाताशी!

अशा वेळी जरूर मोजा. काय वाचलं नाही हे मोजल्याशिवाय दिसत नाही. त्या वर्षी मी कवितेपासून सुरुवात केली, रात्री झोपण्याआधी एक. कविता वाचायला चार मिनिटं लागतात आणि ती दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना परत येते.

वही वाचायला मी दिवाळीतला पाडवा ठरवलाय. व्यापारी नवी वही सुरू करतात तो दिवस. फराळ झाला की तासभर बसते. तुम्हाला 31 डिसेंबर सोयीचा असेल तर तो घ्या, पण मला दिवाळीच बरी वाटते, कारण तेव्हा अंक आलेले असतात.

आणि अंकांवरून तुम्हाला थोडं रागावायचंय. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या घरात दिवाळीबरोबर वाचन येतं. आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असायची आणि ती भरायला वर्षभर न दिसणारी माणसंसुद्धा यायची. दिवाळी अंक सलग वाचून संपवायचा नसतोच. आधी सासूबाई भविष्य बघणार, मग तुम्ही एखादी कथा, यजमान तो मोठा लेख, आणि फेब्रुवारीत कधीतरी दुपारी हाताला लागलेली एखादी कविता. घरातली चार माणसं एकच अंक चार वाटांनी वाचतात. असं वाचन कशात बसत नाही म्हणून ते तुम्ही कपाटावर ठेवून दिलंत, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं. आज ते चारही अंक खाली काढा. पुसा, आणि जिथे सगळ्यांचा हात पोचेल तिथे ठेवा. वहीत त्यांना पूर्ण पान द्यायची गरज नाही. एखादी कथा थांबवेल, ती लिहा.

मुलाला तुम्ही वाचून दाखवता की नाही, ते पत्रात आलेलं नाही. दाखवत असाल तर तेही मोजणीत धरता येत नाही म्हणूनच लिहायचं राहिलं असेल. सात वर्षांचं मूल एकच गोष्ट तीस वेळा वाचायला लावतं आणि एक शब्द चुकला तरी हटकतं. वहीत त्याचं एक पान करा. कोणत्या वाक्याला तो हसतो, कुठे अंगाला बिलगतो, ते लिहा. पंधरा वर्षांनी त्या पानाची किंमत कळेल.

राहता राहिल्या सासूबाई. त्या लिहीत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण पारायण ही आपल्याकडची जुनी नोंदवहीच आहे. तेच अठरा अध्याय, दर खेपेला माणूस निराळा. नामदेवांनी 'एक तरी ओवी अनुभवावी' म्हटलं, त्यात किती वाचाव्यात याचा हिशोब नाही. पण सासूबाईंसारखं तुम्हीही एकच पुस्तक वाचा, असं मी म्हणणार नाही. तुमची भूक वेगळी आहे, ती चांगली आहे. फक्त एखाद्या संध्याकाळी त्या पोथी मिटतील तेव्हा जवळ बसा आणि विचारा, आई, या वेळी कुठे थांबलात? मग गप्प राहून ऐका. वाटलं तर त्यांचं उत्तर तुमच्या वहीत त्यांच्या नावाने लिहा. त्यांना आवडेल.

मार्चच्या त्या पुस्तकाचं काय करायचं? ते पुन्हा आणा. ऑफिसातल्या मैत्रिणीला सरळ सांगा की मी ते पळत पळत वाचलं होतं, पुन्हा वाचते आणि मग बोलू. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चांगल्या पुस्तकाला दुसरं वाचन मिळतंय, आणि बोलायला समोर माणूसही आहे.

त्याच्याही आधी ती मोठी कादंबरी. छान चालली होती असं तुम्हीच लिहिलंय. 210 वर सोडलीत, पण मन अजून तिथेच आहे, नाहीतर पानाचा आकडा इतका नेमका आठवला नसता. नव्या वहीचं पहिलं पान तिला द्या. आजची तारीख घाला, का सोडली होती ते एका ओळीत लिहा, थोडं मागून, 190 च्या आसपास, पुन्हा सुरू करा. संपायला पावसाळा उजाडला तरी चालेल. खालचा अर्धा भाग कोरा ठेवायला विसरू नका, आणि भरलात की मला कळवा, मी वाट बघते.

तुमची ताई